साहेब बदलले का, हे कुणाला विचारायचं?

कोचिंगच्या व्यवसायात एक आकडा वीसेक वर्षं फिरतो आहे : ५.७ पट. २००१ साली ‘मँचेस्टर रिव्ह्यू’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक्झिक्युटिव्ह कोचिंग घेतलेल्या शंभर अधिकाऱ्यांच्या बाबतीत, कंपनीने केलेल्या खर्चाच्या सरासरी ५.७ पट परतावा मिळाला, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हापासून कोचिंगच्या कितीतरी प्रस्तावांत तो ठळक अक्षरांत झळकत आला आहे. वाचणारा एचआर प्रमुख साहजिकच सुखावतो, कारण फायनान्सवाल्यांसमोर ठेवायला त्याला असंच काहीतरी हवं असतं.

हा आकडा आला कसा, ते पाहू. कोचिंग घेतलेल्या अधिकाऱ्यांनाच विचारण्यात आलं की, यातून कंपनीचा किती फायदा झाला असं तुम्हाला वाटतं, ते पैशांत सांगा. मग त्यांना त्या अंदाजाची स्वतःला कितपत खात्री आहे हे विचारून रक्कम थोडी खाली आणली गेली. अभ्यास करणारी संस्था स्वतःच कोचिंगची सेवा विकत होती. म्हणजे ज्याने माल घेतला त्याचा अंदाज, आणि तो नोंदवणारा माल विकणारा. यात कुणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. पण याला मोजणी म्हणायला मी तयार नाही.

अँथनी ग्रँट हे सिडनी विद्यापीठात कोचिंगच्या मानसशास्त्राचा पहिला विभाग उभा करणारे प्राध्यापक. कोचिंगचे ते खंदे पुरस्कर्ते. त्यांनीच २०१२ साली एक निबंध लिहून सांगितलं की, पैशांतला परतावा हे कोचिंगच्या यशाचं चांगलं माप नाही. कंपनीचा नफा कच्च्या मालाचे भाव, मागणी, स्पर्धक, सरकारी धोरण अशा असंख्य गोष्टींवर हलतो. त्यातला नेमका कोचचा वाटा वेगळा काढता येत नाही. शिवाय कोचिंगच्या खोलीत सतत पैशाचीच टांगती तलवार असेल तर माणूस मोकळा होत नाही.

मग मोजणीच सोडून द्यायची का? मुळीच नाही. २०२३ साली ‘इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन’ने केलेल्या जागतिक पाहणीत कोचची संख्या १,०९,२०० आणि व्यवसायाची वार्षिक उलाढाल सुमारे ४५६ कोटी डॉलर असल्याचं म्हटलं होतं. इतका पैसा ज्या कामावर खर्च होतो, त्याचा हिशेब मागण्याचा कंपनीला हक्क आहे. प्रश्न फक्त हिशेब कशाचा आणि कुणाकडे मागायचा, एवढाच आहे.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाचं मूल्यमापन करण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : शिकणाऱ्याला ते आवडलं का, तो काही शिकला का, कामावर त्याचं वागणं बदललं का, आणि त्या बदलाचा संस्थेला काही उपयोग झाला का. साठ वर्षांहून अधिक काळ प्रत्येक एचआर अभ्यासक्रमात हे शिकवलं जातं, आणि तरीही बहुतेक कंपन्या पहिल्याच पायरीवर बसकण मारतात. शेवटच्या सत्रानंतर एक फॉर्म येतो, साहेब पाचपैकी साडेचार देतात, फाइल बंद होते. काही उत्साही कंपन्या मधल्या पायऱ्या वगळून थेट चौथीवर उडी मारतात, आणि वर सांगितलेल्या ५.७ सारख्या आकड्यात अडकतात. कोचिंगचं खरं काम तिसऱ्या पायरीवर असतं. कोच मशीन दुरुस्त करत नाही, ऑर्डर आणत नाही. तो एका माणसाचं वागणं बदलायला मदत करतो. तेव्हा मोजायचं ते वागणं.

दुसरा अर्धा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. वागणं बदललं का, हे त्या माणसालाच विचारलं तर काय होतं? एखाद्या अधिकाऱ्याने कोचिंगच्या आधी ‘मी लोकांचं ऐकून घेतो’ या विधानापुढे दहापैकी आठ गुण दिले. सहा महिन्यांनी तोच माणूस सहा देतो. तो बिघडला का? उलट, ऐकून घेणं कशाला म्हणतात हे त्याला आत्ता कुठे कळलं आहे, त्याची फूटपट्टीच बदलली आहे. रॉबर्ट गोलेम्बिएव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच या अडचणीकडे लक्ष वेधलं होतं. याच्या उलटही घडतं : वेळ दिलेला, पैसा खर्च झालेला, कोचशी स्नेह जुळलेला, म्हणून माणूस सढळ हाताने गुण देतो. दोन्हीकडून फसगतच.

म्हणून त्याच्या हाताखालच्यांना विचारायचं. जेम्स स्मिदर आणि सहकाऱ्यांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीतल्या १,३६१ वरिष्ठ व्यवस्थापकांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. सगळ्यांना वरून, खालून आणि बरोबरीच्यांकडून फीडबॅक मिळाला होता. त्यांपैकी ४०४ जणांनी त्यानंतर कोचबरोबर काम केलं. पुढच्या फेरीत कोचवाल्यांना हाताखालच्यांनी आणि वरिष्ठांनी दिलेले गुण इतरांपेक्षा जास्त सुधारले होते. फरक लहान होता, पण खरा होता. कोच लाभलेल्यांनी ध्येयं नेमकी ठरवली होती, आणि सुधारणेसाठी आपल्या वरिष्ठांकडे सूचना मागण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. मला हा लहानसा फरक त्या ५.७ पटींपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. तो तिसऱ्याने पाहिलेला आहे, आणि ज्यांना कोच मिळाला नाही अशांच्या शेजारी ठेवून पाहिलेला आहे.

मार्शल गोल्डस्मिथ यांनी हीच गोष्ट व्यवहारात आणली. हॉवर्ड मॉर्गन यांच्यासह त्यांनी आठ कंपन्यांतल्या अकरा हजारांहून अधिक व्यवस्थापकांची माहिती २००४ साली मांडली. फीडबॅक मिळाल्यावर जे पुन्हा पुन्हा सहकाऱ्यांकडे गेले, ‘मी या गोष्टीवर काम करतोय, कसं चाललंय?’ असं विचारत राहिले, त्यांच्यात सहकाऱ्यांना ठळक सुधारणा दिसली. ज्यांनी फीडबॅकची फाइल कपाटात ठेवून दिली, त्यांच्यात जवळपास काहीच दिसलं नाही. गोल्डस्मिथ यांची मानधनाची पद्धतही याला धरून आहे. साधारण वर्षभर काम करायचं. सुधारणा झाली असं सहकाऱ्यांनी सांगितलं तरच पैसे घ्यायचे. प्रत्येक कोचला हे परवडणार नाही हे मान्य आहे. पण आपल्या कामाचा निवाडा कुणाच्या हाती द्यायचा, हे त्यांनी अचूक ओळखलं.

आपल्याकडे यात एक मोठी अडचण आहे, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. ‘साहेबांबद्दल’ लेखी काही लिहायला माणूस धजावत नाही. फॉर्म निनावी आहे असं सांगितलं तरी ज्या विभागात चारच माणसं आहेत, तिथे कुणी काय लिहिलं हे भाषेवरून, तक्रारीवरून सहज ओळखता येतं. मग सगळेच ‘उत्तम’वर खूण करतात आणि तो अहवाल छान दिसतो. एकत्र गुण दाखवायला निदान पाच जणांची उत्तरं हवीत, सुटे शेरे साहेबांच्या हाती द्यायचे नाहीत, आणि उत्तरं गोळा करणारा माणूस त्या विभागाच्या बाहेरचा हवा, एवढी पथ्यं पाळलीच पाहिजेत. वरून धाडस दाखवलं तर खालची भीती कमी होते, हेही खरं. एचसीएल टेक्नॉलॉजीजचे तेव्हाचे प्रमुख विनीत नायर यांनी स्वतःला मिळालेला फीडबॅक कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर सगळ्यांना पाहायला खुला केला होता.

कोचिंगच्या विचाराची मुळं आपल्या मातीतही आहेत. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने १९७४ साली अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना आपली अप्रेझलची पद्धत तपासायला बोलावलं. त्यांच्या अहवालातून कंपनीत स्वतंत्र मनुष्यबळ विकास विभाग उभा राहिला. त्या दोघांचा आग्रह असा की, वरिष्ठाने वर्षाकाठी गुण देऊन मोकळं न होता हाताखालच्या माणसाशी बसून त्याच्या कामाबद्दल बोलावं. आज ज्याला आपण व्यवस्थापकाचं कोचिंग म्हणतो, त्याचा गाभा हाच.

आता नेमकं काय मोजायचं, ते जवळून पाहू. चाकण-रांजणगाव पट्ट्यातला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. प्लान्ट हेड हुशार, शॉप फ्लोअरवर वाढलेला, मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा. तक्रार एवढीच की त्याच्यासमोर विभागप्रमुख तोंड उघडत नाहीत. एचआरने कोचच्या वर्क ऑर्डरमध्ये उद्दिष्ट लिहिलं : ‘नेतृत्वक्षमता व संवादकौशल्य वाढवणे’. हे वाक्य मोजता येत नाही, त्यामुळे ते कधी अपयशीही ठरत नाही.

चांगला कोच इथे सत्रं सुरू करण्याआधी सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये आठवडाभर मागे बसायची परवानगी मागेल. साडेआठची मीटिंग, पंचवीस मिनिटांची. त्यात अठरा मिनिटं साहेबच बोलतात. क्वालिटीचा इंजिनिअर सांगतो, ‘सर, सेकंड शिफ्टला रिजेक्शन जरा जास्त आहे.’ वाक्य संपायच्या आत साहेबांचा प्रश्न येतो, ‘शिफ्ट कुणाची होती?’ सगळ्यांच्या माना डायरीत. मेंटेनन्सवाल्याला ठाऊक असतं की फिक्स्चर दोन दिवसांपासून हलतंय, पण तो बोलत नाही, कारण आत्ता बोलणं म्हणजे गळ्यात घालून घेणं. प्रॉडक्शनचा प्रमुख म्हणतो, ‘बघून सांगतो, सर.’ आणि पुढच्या वेळी रिजेक्शनची बातमी सकाळी यायची ती दुपारी येते, तोवर लाइन तसाच माल काढत राहते.

आता उद्दिष्ट लिहिता येतं. वाईट बातमी आली की पहिला प्रश्न ‘कुणी?’ नसून ‘कुठे, केव्हापासून?’ असेल. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ दिलं जाईल. आणि कारखान्याच्या नोंदींतूनच एक माप मिळतं : दोष पहिल्यांदा लॉगबुकात आल्यापासून प्लान्ट हेडला कळेपर्यंत किती वेळ गेला? कोचिंगच्या आधीच्या तीन महिन्यांतला हा वेळ मोजून ठेवायचा, नंतरच्या तीन महिन्यांतला मोजायचा. विभागप्रमुखांना विचारायचे प्रश्नही असेच, मतांचे नव्हेत, घटनांचे. ‘साहेब मोकळे आहेत का?’ असं विचारलं तर ‘हो’ येणारच. ‘गेल्या महिन्यात तुम्ही एखादी अडचण वेळ टळून गेल्यावर सांगितली, असं किती वेळा झालं?’ असं विचारलं की माणूस आठवून उत्तर देतो.

हे सगळं कोचिंग सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे. नंतर माप शोधायला निघालं की जे वर गेलंय तेच माप म्हणून उचललं जातं. हा मोह फार प्रामाणिक माणसांनाही आवरत नाही.

एवढं करूनही एक चकवा उरतो. गूगलने २००८ साली ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ नावाचा अभ्यास हाती घेतला. चांगला व्यवस्थापक नेमकं काय करतो, हे त्यांनी अप्रेझल, सर्वेक्षणं आणि मुलाखतींतून शोधलं. आठ सवयी निघाल्या; पहिली ‘तो चांगला कोच असतो’, आणि तांत्रिक ज्ञान, इंजिनिअरांच्या त्या कंपनीत, शेवटच्या क्रमांकावर. मग हाताखालच्यांकडून नियमित फीडबॅक घेऊन व्यवस्थापकांना प्रशिक्षण आणि कोचिंग दिलं गेलं. सर्वांत खालच्या गटातल्या ७५ टक्के व्यवस्थापकांच्या गुणांत लक्षणीय सुधारणा झाली, असं कंपनीने २०११ साली सांगितलं. काम मोलाचं आहे यात शंका नाही. पण ‘सर्वांत खालच्या गटातल्या’ हे शब्द पुन्हा वाचा.

डॅनियल कानेमन यांनी सांगितलेला इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. प्रशिक्षक म्हणत, विद्यार्थ्याची कसरत छान झाली म्हणून शाबासकी दिली की पुढची वाईट होते, आणि वाईट झाल्यावर झापलं की पुढची सुधारते. तेव्हा झापणंच बरं. कानेमन यांच्या लक्षात आलं की, यात झापण्याचा काही संबंध नाही. फार वाईट कसरतीनंतरची कसरत, कुणी काही न बोलताही, बहुतेक वेळा सरासरीकडे सरकते. साहेबांचंही तसंच. कोच नेमला जातो तो बहुधा साहेबांचं सगळ्यांत वाईट वर्ष सरल्यावर : दोन माणसं सोडून गेली, ग्राहकाची तक्रार आली, गुण घसरले. पुढचं वर्ष आपसूकच थोडं बरं जाणार असतं. त्या सुधारणेचं श्रेय कोचच्या खात्यावर जमा होतं. यावर उपाय एकच, तुलना. वीस जणांना कोचिंग द्यायचं असेल तर चिठ्ठ्या टाकून दहा जणांना आधी द्यावं, उरलेल्यांना सहा महिन्यांनी, आणि मोजणी मात्र वीसही जणांची एकाच वेळी करावी. कुणी वंचित राहत नाही आणि तुलनेला माणसं मिळतात.

कंपन्यांत असं कुठे होतं, असं म्हणणाऱ्यांना मी तारापूरला पाठवतो. स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी, निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आदींनी, २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कापड कंपन्यांमध्ये हा प्रयोग केला. हे कोचिंग नव्हतं, व्यवस्थापन सल्लागारांनी जागेवर राहून लावलेलं वळण होतं. पण मोजणी कशी करावी याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. कंपन्या घरच्या, मालक कुटुंबातले. सूत साठवायच्या खोलीत गाठोडी कशीही पडलेली, कुठल्या रंगाचं किती सूत आहे याची नोंद नाही, हत्यारं जमिनीवर. विणताना राहिलेले दोष नंतर हाताने दुरुस्त करायला पुष्कळ माणसं बसवलेली. दोषांची रोजची नोंद का ठेवत नाही, असं विचारलं की अनेक मालक म्हणत, आमचा माल आजूबाजूच्यांपेक्षा चांगलाच आहे.

चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने ११ कंपन्यांचे १४ कारखाने एका गटात, सहा कंपन्यांचे सहा दुसऱ्या गटात घेतले. दोन्ही गटांत सल्लागार महिनाभर बसले आणि कुठे काय चुकतंय हे त्यांनी सांगितलं. पहिल्या गटात ते आणखी चार महिने राहिले आणि बदल अंगवळणी पडेपर्यंत मालक-मॅनेजरांबरोबर काम करत गेले. कसोटीला ३८ साध्या पद्धती होत्या : दोष नोंदवणं, त्यांवर रोज बसून बोलणं, मशीनची वेळच्या वेळी देखभाल, सुताचा हिशेब. पहिल्या वर्षात पहिल्या गटाची उत्पादकता दुसऱ्यापेक्षा १७ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाला निदान मिळालं होतं, पाहुण्यांचं लक्ष मिळालं होतं, तरी त्यांच्यात एवढा बदल झाला नाही. फरक पाडला तो पाठीशी उभं राहून केलेल्या त्या चार महिन्यांच्या कामाने. नुसता अहवाल हाती ठेवून निघून जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

संशोधक तिथे थांबले नाहीत, हे मला सर्वांत भावतं. ते २०१७ साली पुन्हा गेले. अंगीकारलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या, तरी दोन गटांतलं अंतर टिकून होतं. पद्धती सुटण्याची मोठी कारणं दोन : प्लान्टचा मॅनेजर बदलला, किंवा मालकांना लक्ष द्यायला वेळ उरला नाही. कोचिंगच्या बाबतीत ही दोन्ही कारणं रोजची आहेत. साहेबांची बदली होते, नवे साहेब येतात, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये पुन्हा ‘शिफ्ट कुणाची होती?’ सुरू होतं. शेवटच्या सत्रानंतर महिन्याभरात केलेली मोजणी म्हणून फारशी विश्वासाची नाही. वर्षाने केलेली मोजणी खरी.

एक सीमारेषा मात्र ओलांडू नये. मोजायचं ते बाहेर दिसणारं वागणं. कोचच्या खोलीत काय बोललं गेलं ते नव्हे. साहेबांनी कोचला आपली भीती, घरचा ताण, वरच्या साहेबांबद्दलचा राग सांगितला, तर ते तिथेच राहिलं पाहिजे. आणि या मोजणीचे आकडे इन्क्रिमेंटला जोडले, की हाताखालचे सांभाळून लिहायला लागतात आणि साहेब उत्तरं देणाऱ्यांची मनधरणी करायला लागतात. फीडबॅक हे दुधारी शस्त्र आहे, हेही विसरू नये. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली फीडबॅकवरच्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरलेली होती. टीका कामावरून माणसावर सरकली की हे होतं. त्यामुळे अहवाल साहेबांना ईमेलने पाठवू नये. कोचने समोर बसून, एकेका वागण्याबद्दल बोलत तो वाचावा.

तुमच्या टेबलावर आज एखादा कोचिंगचा प्रस्ताव पडला असेल, तर सही करण्याआधी त्यात दोन ओळी घालून घ्या. एकीत पहिल्या सत्राच्या आधी आणि संपल्यावर वर्षाने होणाऱ्या मोजणीच्या तारखा असू द्या. दुसरीत ती मोजणी करणाऱ्या, कोचच्या संस्थेबाहेरच्या माणसाचं नाव, आणि उत्तरं देणारे कोण असतील हे फक्त साहेब ठरवणार नाहीत ही अट. खर्च फार वाढत नाही. चांगला कोच या ओळी आनंदाने मान्य करेल. जो करणार नाही, त्याला काम देऊ नका.